दोन झोळ्या

गेल्या वर्षी आमच्या घरात दोन जीव एकाच सुमाराला वाढीला लागले. एकाच्या स्वागताची तयारी नऊ महिने चालली होती. दुपटी शिवून झाली होती, माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसून ठेवला होता, नावांची यादी तीनदा लिहून तीनदा फाडून झाली होती. दुसरा मात्र कोणी न बोलावता आला. बाल्कनीतल्या जुन्या निळ्या पिंपात, कांद्याच्या साली आणि वाळका पाला यांच्या ढिगातून त्याने एका रात्री दोन जाड, गोलसर पाने वर काढली आणि तो आमच्या संसारात सामील झाला. पहिला जीव म्हणजे आमची चिमी. दुसरा म्हणजे लाल भोपळ्याचा वेल.

दोघांचेही संगोपन माझ्याकडे आले, आणि दोन्ही बाबतींत मी सारखीच अडाणी होते.

नाशकात राहून घरी भाजी लावायची, हे तसे गंगेकाठी विहीर खणण्यासारखेच. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे आपणांस ठाऊक असेलच.) पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो, लासलगावचे कांदे, दिंडोरी-निफाडची द्राक्षे, आमचा जिल्हा साऱ्या मुंबईला भाजी पुरवतो. दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. तिथे सकाळी लवकर गेले, तर ताज्या पालेभाजीच्या जुड्या पाहून घरच्या कुंडीचा विचारदेखील मनात येऊ नये! पण आमच्या ह्यांना सातपूरच्या कारखान्यात दिवसभर लोखंडाशी झुंजून आल्यावर काहीतरी हिरवे पाहावेसे वाटते. शिवाय सासऱ्यांच्या कपाटात श्रीपाद अच्युत दाभोलकरांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक होते. कोल्हापुरात ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे हे गणिताचे प्राध्यापक. घरातला पालापाचोळा आणि पानावर पडणारे ऊन हेच आपले खरे भांडवल, हा त्यांचा विचार ह्यांच्या मनाने घेतला आणि मला सातवा महिना असताना आमच्या दहा फूट लांब, चार फूट रुंद बाल्कनीत पाच पिंपे, चार पोती माती आणि एक फावडे येऊन दाखल झाले.

“चौदाशे रुपये झाले,” असे ह्यांनी हळूच सांगितले.

“चौदाशे रुपयांत मी वर्षभर कोथिंबीर आणली असती,” सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून भाजीची देठे आणि साली त्या केराच्या डब्यात टाकीनाशा झाल्या. निळे पिंप भरू लागले. सासूबाईंचे बालपण टंचाईच्या काळातले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. सोमवारी रात्री चूल पेटत नसे आणि वडिलांनी अंगणातली शेवंती काढून घेवडा लावला होता, हे त्या अजून सांगतात. शेवंती गेल्याचे दुःखही सांगतात.

चिमीचा जन्म २०२४ च्या जूनमधला. माझी आई पूर्वीच गेली, त्यामुळे पहिले बाळंतपण असूनही ते सासरीच झाले. बाराव्या दिवशी बारसे ठरले. नेमके त्याच दिवशी ह्यांनी बाल्कनीत बादलीभर ‘जीवामृत’ कालवून ठेवले. शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि पाणी असा हा पदार्थ. तो आंबत ठेवावा लागतो, आणि आंबताना तो स्वतःचे अस्तित्व लपवीत नाही. आलेल्या बायका पाळण्यापाशी वाकत, हुंगत, आणि अतिशय सभ्यपणे एकमेकींकडे पाहत. चिमीचे लंगोट त्या दिवशी किती वेळा उगाचच तपासले गेले, त्याला गणती नाही!

सासूबाईंनी त्या संध्याकाळी दोन कायदे केले. बादलीवर झाकण, आणि बाल्कनीच्या दारात साबण. “शेणामातीचा हात बाळाला लावायचा नाही,” त्यांनी बजावले. त्यांचे खरेच होते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच दडून असतात, आणि चिमीची त्यावरची पहिली लस सहा आठवड्यांनी व्हायची होती. तो साबण अजून तिथेच आहे.

इथवर सारे गमतीचे. आता जे सांगायचे आहे, ते लिहिताना हात जरा अडखळतो.

चिमी जन्मली तेव्हा वजन होते दोन किलो चारशे. अडीच किलोंच्या आत जन्मलेले मूल जरा जपावे लागते. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांच्या सुमारास ते भरून येते, आणि मग पहिले तीन महिने रोजचे साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढावे, असे डॉक्टरीणबाईंनी समजावून दिले. त्यांनी ते मला धीर यावा म्हणून सांगितले, मी मात्र ते परीक्षेच्या निकालासारखे घेतले. भाड्याने वजनकाटा आणला. एक वही केली. दूध किती वेळा, झोप किती तास, वजन किती ग्रॅम. वीस ग्रॅमच्या जागी बारा भरले, की माझा दिवस काळवंडून जाई. सासूबाई अळिवाचे लाडू करीत, शेपूची भाजी करीत, बाळंतशेपा मुखवासाला देत. ह्यांनी पिंपात पेरलेली मेथी पंचवीस दिवसांत हाती आली, तीही माझ्याच ताटात पडली. सारे घर माझ्या दुधासाठी राबत होते, आणि जितके ते राबे, तितकी मी आतून खचत होते. बाळ झाल्यावर माणसाने आनंदात असावे. मला आनंद होत नव्हता. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची मला लाज वाटत होती.

त्या भीतीला कारणही होते. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ साली, एक पाळणा आमच्या घरात यायचा राहून गेला होता. तिसराच महिना होता. चार दिवस मी निजून होते, पाचव्या दिवशी ओट्यापाशी उभी राहिले, आणि त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही. मीही नाही.

जुलै संपत आला होता. रात्री तीनचा सुमार असेल. चिमी रडत होती, म्हणून तिला खांद्यावर घेऊन मी बाल्कनीच्या दाराशी उभी होते. पाऊस थांबला होता. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात निळ्या पिंपातली ती दोन पाने दिसली. काल ती नव्हती. त्यांच्या टोकाला भोपळ्याच्या बीचे रिकामे टरफल अजून टोपीसारखे अडकून होते. मी ते बोटाने अलगद काढले आणि काय कोण जाणे, चिमी गप्प झाली. मीही गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी वहीचे उजवे पान वेलाचे झाले. डाव्या पानावर चिमी, उजव्या पानावर वेल. ह्यांनी एकदा फोनवर नणंदेला खुशाली सांगताना वही उघडली आणि वाचीत सुटले, “आज तीन नवे कोंब, उंची सव्वादोन फूट, शी पिवळी, दुपारी झोप चाळीस मिनिटे.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग नणंदेने विचारले, “दादा, हे कोणाचं?”

वेल मात्र वाढत सुटला. बाल्कनीच्या जाळीवरून तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेला. एका सकाळी पाहते तो त्याच्या एका तणाव्याने चिमीच्या लंगोटाच्या बंदाला घट्ट विळखा घातलेला! सासूबाई तो सोडवू देईनात. “राहू दे, दुसरा लंगोट घे.” चिमीला त्या भोपळ्यात बसून जंगलातून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगत, आणि चिमी त्यांच्या तोंडाकडे अशी पाही, की जणू त्या म्हातारीला ती चांगली ओळखते.

याच दिवसांत उष्टावणावरून आमच्यात थोडी कुरबूर झाली. “तुझ्या नवऱ्याला मी चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी दिलं होतं,” सासूबाई म्हणत. मी म्हणे, सहा महिने फक्त आईचे दूध. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली हाच सल्ला दिला आहे. पण दूध पुरते की नाही याचीच धास्ती घेतलेल्या बाईने हा हट्ट धरावा, यात काय ताकद असणार? शेवटी तोडगा निघाला तो वेलामुळे. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. वेल फळायला साडेतीन-चार महिने लागतात, म्हणजे मार्गशीर्ष. चिमीला सहावा तेव्हाच भरतो. “याच वेलाचा भोपळा तिला पहिल्यांदा भरवायचा,” त्यांनी ठरवून टाकले, आणि वरणाचे पाणी मागे पडले. मला मात्र त्या क्षणापासून वेलाचीही काळजी लागली.

सप्टेंबरात फुले आली. मोठी, केशरी-पिवळी, रोज चार-पाच. फळ एकही धरेना. मग पुस्तके चाळून कळले, की वेलावर आधी येतात ती नरफुले. मादीफूल उशिरा येते, आणि त्याच्या देठाशी सुपारीएवढा छोटा भोपळा आधीच असतो. परागकण चिकट आणि जड. ते वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच लागते. आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर मधमाशी क्वचित. तेव्हा ते काम माणसाने करायचे. फूल पहाटे उमलते, ऊन चढले की मिटते, आणि मादीफुलाला एकच सकाळ मिळते.

पहाटे जागे राहण्यात माझा हात कोण धरणार? घटस्थापनेच्या दिवशी पहिले मादीफूल उमलले. आत देवघरात सासूबाई घटाच्या मातीत धान्य पेरीत होत्या. मी चिमीला एका हाताने छातीशी धरले होते, दुसऱ्या हाताने नरफूल तोडले, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवला. बोट पिवळे झाले. साबणाचा कायदा त्या दिवशी मी क्षणभर विसरले. चिमीच्या कपाळावर पिवळा ठिपका दिवसभर होता.

पाचव्या दिवशी तो छोटा भोपळा पिवळा पडू लागला. सहाव्या दिवशी सकाळी तो पिंपाशेजारी जमिनीवर पडला होता.

मी तो उचलला आणि तिथेच खाली बसले. किती वेळ, सांगता येत नाही. सासूबाई आल्या, त्यांनी माझ्या तळहातात पाहिले आणि त्या माझ्या शेजारी बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या सहसा जमिनीवर बसत नाहीत.

“वेलाला पहिली फळं धरवत नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “पाणी जास्त झालं, ऊन कमी पडलं, शंभर कारणं असतात. कधी एकही नसतं.”

“पण मी सगळं बरोबर केलं होतं.”

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गेल्या वर्षीही सगळं बरोबरच केलं होतंस.”

तेव्हा मी रडले. बाळंतपणानंतर पुष्कळदा रडले होते, पण ते न्हाणीघरात, नळ सोडून. असे कोणाच्या शेजारी बसून नव्हते रडले.

“माझी दोन गेली,” सासूबाई म्हणाल्या, “ह्याच्या आधी. सासूबाई म्हणाल्या जिना चढलीस, आत्याबाई म्हणाल्या पपई खाल्लीस. मला चाळीस वर्षं तेच खरं वाटत होतं.” त्यांनी माझ्या हातातला तो भोपळा घेतला, पिंपातली माती बोटांनी उकरून आत ठेवला आणि वर माती सारली. “ह्यालाही ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या वेळी बोलायची पद्धत नव्हती.”

पुढच्या भेटीत मी डॉक्टरीणबाईंना दोन्ही गोष्टी विचारल्या. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गळतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या गुणसूत्रांतच चूक झालेली असते. जिना चढला, वजन उचलले, याने ते होत नाही. आणि बाळंतपणानंतर मन असे अंधारून येणे हेही पुष्कळजणींना होते. दोन आठवड्यांच्या वर लांबले तर ते अंगावर न काढता डॉक्टरांना सांगायचे असते, त्यावर उपचार आहेत. मी चार महिने अंगावर काढले होते. पुढे काही आठवडे मी त्यासाठी जात राहिले. हे इथे लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी नवे बाळ आहे आणि न्हाणीघरातला नळ उगाच फार वेळ वाहतो आहे, अशा एखाद्या घरी हा अंक जाईल. घरी आल्यावर मी सासूबाईंना जिन्याचे आणि पपईचे सांगितले. त्या डाळ निवडीत होत्या. “असं का,” एवढेच म्हणाल्या, पण त्या ताटातली डाळ त्यांनी तीन वेळा निवडली.

वजनकाटा मी परत करून टाकला. महिन्यातून एकदा दवाखान्यात वजन होई, तेवढे पुरे होते. चिमी तिच्या गतीने वाढत होती. ती तशी वाढतच होती. मीच रोज मुळे उकरून पाहत होते.

दुसरे मादीफूल परतीच्या पावसात सापडले. तिसरे कोजागिरीच्या सुमाराला उमलले, आणि ते धरले. सुपारीचे लिंबू झाले, लिंबाचे नारळ. तोवर पानांवर पांढरी भुकटी धरली. ह्यांनी ती ओळखली, नाशकात कोण ओळखणार नाही? द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारी ती भुरी. पण चिमीच्या पहिल्या घासावर औषध मारायचे कसे? तेव्हा ह्यांनी कुठूनसे शोधून काढले, की ब्राझीलमधल्या बेत्तिओल नावाच्या शास्त्रज्ञाने १९९९ साली भोपळ्याच्याच कुळातल्या एका वेलावर पातळ केलेले दूध फवारून भुरी आटोक्यात आणली होती. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी. “या घरात दुधाशिवाय दुसरा विषय निघेल तर शपथ!” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच गाळणे आणून दिले. भुरी पुरती गेली नाही. जुनी पाने गेली, वरची नवी पाने वाचली. तेवढ्यांनी फळ पोसले.

फळ जड होऊ लागले तसा देठ ताणू लागला. सासूबाईंनी आपले एक जुने नऊवारी फाडले. अर्ध्याची चिमीची झोळी झाली होतीच. उरलेल्या अर्ध्याची त्यांनी वेलासाठी झोळी केली आणि जाळीला बांधली. एका रंगाच्या, एका काठाच्या दोन झोळ्या, एक दाराच्या आत, एक बाहेर. येता-जाता सासूबाईंचा हात सवयीने दोन्ही झोळ्यांना झोका देई. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी खाली भेटल्यावर मला अगदी आपुलकीने विचारले, “जुळी का हो?”

डिसेंबरात उष्टावण झाले. माझा भाऊ सोलापूरहून आला, कारण पहिला घास मामाने भरवायचा. आदल्या दिवशी भोपळा उतरवला. किराणा दुकानाच्या तराजूवर तो एक किलो सातशे भरला. चौदाशे रुपयांना एक किलो सातशे, असा हिशेब ह्यांच्या तोंडावर आला होता, पण त्यांनी तो गिळला. बुधवारच्या बाजारात तेवढाच भोपळा तीस-चाळीस रुपयांना मिळतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. भोपळा चिरला, आतला रंग भगवा होता. वाफवून, कुस्करून, मीठ-साखर काही न घालता चांदीच्या वाटीत घेतला. चिमी पाटावर, मामाच्या मांडीवर. सारे घर तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभे.

चिमीने घास तोंडात घेतला, विचार केला, आणि मामाच्या नव्या सदऱ्यावर थुंकून टाकला.

आम्ही इतके हसलो, की ती दचकून रडायला लागली. मग सासूबाईंनी बोटावर थोडासा घेऊन तिच्या ओठांना लावला. तो तिने चाटला. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी तिने सासूबाईंचे बोटच धरून ठेवले.

वहीच्या उजव्या पानावर त्या दिवशी मी शेवटची नोंद केली: वजन एक किलो सातशे, तब्येत उत्तम. डावे पान कोरे ठेवले.

त्या भोपळ्याच्या बिया सासूबाईंनी राखेत घोळून, वाळवून, बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवल्या. यंदा जुलैमध्ये त्यांतल्या चार लावल्या, दोन उगवल्या. उरलेल्या दोन का उगवल्या नाहीत, हे घरात कोणी कोणाला विचारले नाही. सध्या त्यांतल्या एका वेलावर फळ आहे आणि दुसऱ्यावर नुसती फुले.

हे लिहिते आहे तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. आत चकलीची भाजणी परतण्याचा वास येतो आहे, आणि बाहेर बाल्कनीत अगदी शांतता आहे. सोळा महिन्यांचे मूल जागे असताना घरात अशी शांतता असणे ही काही शुभ खूण नव्हे. माती तोंडात घातली असणार. तेव्हा वाचकहो, निरोप घेते. मला साबण घेऊन जायला हवे.